झेंडा लागला, मग दुसऱ्या दिवशी?

बेचाळीसच्या चळवळीवरचं कुठलंही मराठी पुस्तक हाती आलं की मी एक गोष्ट करते. कचेरीवर झेंडा लागतो ते पान आधी शोधते आणि मग त्यापुढची पाच-दहा पानं वाचते. बहुतेक वेळा तिथे गोळीबार असतो, अटक असते, नाहीतर एकदम १९४७ साल उजाडलेलं असतं. मधल्या काळात गावात बांधावरून भांडण झालं तर ते कोणाकडे गेलं, चोर पकडला तर त्याला शिक्षा कोणी ठरवली, धान्य कोणी वाटलं, हे क्वचितच सापडतं. साम्राज्याला हाकलण्याच्या गोष्टी आपल्याकडे भरपूर आहेत. त्याच्या रिकाम्या खुर्चीवर कोण बसलं आणि त्याने काय केलं, ही गोष्ट मात्र शोधावी लागते.

म्हणून या लेखात मी चार पुस्तकांना एकच प्रश्न विचारणार आहे: झेंडा लागल्यावर दुसऱ्या दिवशी काय झालं? पुस्तकं एकमेकांपासून फार लांबची आहेत. पी. साईनाथ यांचं 'द लास्ट हीरोज', यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ', तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' आणि मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा गावाची'. ग्रंथालयात ही चार वेगवेगळ्या कपाटांत सापडतील. माझ्या मते ती एकाच कपाटात हवीत.

तीन दिवसांचं चिमूर

मी नंदनवनात राहते. नागपूरच्या या भागातल्या बऱ्याच घरांचं मूळ गाव भंडारा, चंद्रपूर, वर्धा यांपैकी कुठेतरी असतं. त्यामुळे चिमूरची गोष्ट मला शाळेच्या पुस्तकाआधी घरी ऐकायला मिळाली. तुम्ही विदर्भातले असाल तर तुम्हालाही ती ठाऊक असेल. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी आधीच पेटलेलं गाव. मिरवणुकीवर गोळीबार झाला, त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला, आणि मग लोक आवरले नाहीत. चार सरकारी माणसं मारली गेली. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यात आष्टीच्या पोलीस ठाण्यावरही लोक चालून गेले. १९ तारखेला चिमुरात फौज पोचली. त्यानंतर बायकांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. अनेकांना फाशी सुनावली गेली. अनसूयाबाई काळे यांनी त्या शिक्षांविरुद्ध जिवाचं रान केलं आणि पुढे त्या कमी झाल्या.

चिमूर तीन दिवस स्वतंत्र होतं, असं आपण अभिमानाने सांगतो. पण 'स्वतंत्र होतं' या दोन शब्दांत आपण काय भरतो? इंग्रज नव्हते, एवढंच. ती तीन दिवसांची पोकळी होती, आणि तिच्या मागून आलेला सूड इतका भयंकर होता की गोष्ट सांगणाऱ्याचं सगळं लक्ष तिकडे जाणं साहजिक आहे. मी चिमूरला दोष देत नाही. तीन दिवसांत सरकार उभं राहत नसतं. पण यामुळे आपल्या डोक्यात स्वातंत्र्याचं एक चित्र पक्कं बसलं: मिरवणूक, गोळी, हुतात्मा, फौज. या चित्रात कारभार करणाऱ्याला जागाच नाही.

साताऱ्यात मात्र ती जागा निघाली. तिथे पोकळी तीन दिवसांची नव्हती, जवळजवळ तीन वर्षांची होती.

पगाराची गाडी आणि धान्याचं पोतं

सातारा जिल्हा तेव्हा मोठा होता. आजच्या सांगलीचा बराच भाग त्यात होता. १९४३ ते १९४६ या काळात तिथल्या शेकडो खेड्यांत प्रतिसरकार चाललं. नाना पाटील हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं नाव. कुंडल हे एक मोठं केंद्र. जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी, किसन वीर अशी माणसं त्यात होती, आणि तुफान सेना हे त्याचं सशस्त्र अंग होतं.

साईनाथ यांचं 'द लास्ट हीरोज' २०२२ साली आलं. देशभरातल्या शेवटच्या काही स्वातंत्र्यसैनिकांना भेटून लिहिलेलं हे पुस्तक. त्यात तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ आहेत आणि नाना पाटलांची मुलगी हौसाबाई आहेत. तुमच्या ओळखीत कोणाला इतिहास कंटाळवाणा वाटत असेल तर त्याच्या हातात हौसाबाईंचं प्रकरण द्या. पोलीस ठाण्यासमोर नवरा बायकोला मारतोय असं नाटक उभं करायचं, पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले की साथीदारांनी आतली हत्यारं पळवायची. आणि नाटक खरं वाटावं म्हणून बसलेला मार जरा जास्तच होता, अशी तक्रार हौसाबाई वयाच्या नव्वदीतही करतात. हे वाचताना हसू येतं आणि पाठोपाठ लक्षात येतं की पोलिसांना बायको मारली जाण्यात काहीच संशयास्पद वाटणार नाही, या खात्रीवर तो सगळा बेत उभा होता.

पुस्तकाचं सगळ्यात मोठं काम हे, की त्यातली माणसं पुतळे होत नाहीत. कॅप्टन भाऊंचं एक म्हणणं माझ्या मनातून जात नाही. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ त्यांच्या तुकडीने सरकारी पगार नेणारी रेल्वे अडवली. त्याला लोक 'लूट' म्हणतात. भाऊंना तो शब्द मान्य नव्हता. पैसा मुळात लोकांचा होता, इंग्रजांनी चोरला होता, तो आपण परत आणला, असा त्यांचा हिशोब. एका शब्दावरून चाललेलं हे भांडण मला फार महत्त्वाचं वाटतं. 'लूट' म्हटलं की तुम्ही दरोडेखोर ठरता. 'वसुली' म्हटलं की तुम्ही सरकार असता.

आणि इथेच पुस्तकाशी माझा वाद आहे. प्रतिसरकारने धान्य पुरवलं, बाजाराची घडी बसवली, न्यायदान केलं, सावकारांना वठणीवर आणलं, हे साईनाथ सांगतात. पण थोडक्यात सांगतात. रेल्वेचा प्रसंग तुमच्या डोळ्यांसमोर घडतो, धान्यवाटप मात्र कानावर येतं. गाडी अडवताना कोण कुठे उभं होतं हे कळतं. पोतं कोणाच्या घरी आधी गेलं आणि कोणाच्या नंतर, हे कळत नाही. याचं एक कारण पुस्तकाच्या घडणीत आहे. एकेक माणूस, त्याचं एकेक शौर्य, असा त्याचा साचा आहे. शौर्य एका माणसाचं असू शकतं. न्यायदान मंडळ एका माणसाचं नसतं. नव्वदीच्या पुढच्या माणसाला तुम्ही आठवण विचारली तर तो रेल्वेची सांगणार, बैठकीची कशाला सांगेल?

याचा अनुभव मला स्वतःला आहे. मी शिकत असताना आमच्या वसतिगृहात मेसच्या जेवणावरून मुलींनी संप केला होता. सगळ्यांनी मिळून रात्री ताटं वाजवली, कंत्राटदार गेला, जल्लोष झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला एकीने विचारलं, "अवं, पण भाजी कोण आणन आता?" पुढचे चार महिने मेस मुलींनी चालवली. एकजण रोज कॉटन मार्केटला जायची, एकजण वहीत हिशोब लिहायची. कोणी किती दिवस जेवलं, कोणाचे पैसे थकले, कोणाला माफ करायचे, यावर दर रविवारी भांडणं व्हायची. आज आमच्या ग्रुपवर आठवणी निघतात त्या ताटांच्या रात्रीच्याच. वहीवाल्या मुलीचं नाव काहींना आठवतही नाही. खरं सरकार मात्र तिने चालवलं होतं.

प्रति की पत्री

प्रतिसरकारचं लोकांच्या तोंडी झालेलं नाव 'पत्री सरकार'. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, ती पत्री. खबऱ्याला, गावगुंडाला तळपायावर मार देण्याची जी शिक्षा होती, तिच्यावरून हे नाव रूढ झालं. उच्चारात 'प्रति'चं 'पत्री' होणं सोपंही होतं. आजही यूट्यूबवर शोधलंत तर दुसराच शब्द जास्त सापडेल.

बघा, काय झालं. या लोकांनी गावोगाव न्यायदान मंडळं नेमली. तालुक्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं अडकणारे तंटे गावात मिटवले. दारूबंदी केली. कर्ज काढून लग्नं करणाऱ्या शेतकऱ्यांना कमी खर्चाच्या गांधी विवाहाची वाट दाखवली. आणि लोकांच्या जिभेवर राहिली ती शिक्षा. म्हणजे सरकार आठवलं ते त्याच्या दंडुक्यावरून.

यात फक्त लोकांची चूक काढता येत नाही. तळपायावरचा मार खरा होता. ज्याला तो बसला त्याला अपील कुठे करता येत होतं? भूमिगत सरकारला तुरुंग नसतो, त्यामुळे त्याच्या हातात दोनच शिक्षा उरतात, दंड नाहीतर मार. वकील नाही, वरचं कोर्ट नाही, लेखी निकाल जपून ठेवणं धोक्याचं. गावाने निवडलेले पंच प्रामाणिक असले तर न्याय झटपट मिळतो. नसले तर अन्यायही तितकाच झटपट. प्रतिसरकारवर लिहिणाऱ्याने हा पेच मांडलाच पाहिजे. गौरव करणारे तो टाळतात कारण त्याने नायक डागाळतील असं त्यांना वाटतं. मला उलट वाटतं. ज्यांच्यापुढे हा पेच होता आणि तरी ज्यांनी निकाल दिले, ती माणसं रेल्वे अडवणाऱ्यांहून जास्त गुंतागुंतीची आणि म्हणून जास्त वाचनीय आहेत.

गेल ऑम्व्हेट यांनी या चळवळीचा अभ्यास करताना तिच्यामागे असलेल्या सत्यशोधक वारशाकडे लक्ष वेधलं. साताऱ्याच्या शेतकऱ्याला सावकार, भटजी आणि सरकार या तिघांशी एकदम भांडायची सवय आधीच लागलेली होती, म्हणून इंग्रजांना हटवल्यावर पुढे काय करायचं याची थोडीफार कल्पना त्याच्याकडे होती. चिमूर आणि कुंडल यांच्यातला फरक फक्त शौर्याचा किंवा भूगोलाचा नाही, तो या आधीच्या तयारीचाही आहे. पण या तयारीला मर्यादाही होती. पुढाकार प्रामुख्याने शेतकरी जातींकडे होता. गावाबाहेरच्या वस्त्यांना या न्यायदान मंडळात किती आवाज होता, हा प्रश्न विचारल्याशिवाय प्रतिसरकारचं कौतुक पुरं होत नाही.

तलाठ्याचं बंड

नाना पाटलांबद्दलचा एक तपशील मला सगळ्यात बोलका वाटतो. ते आधी तलाठी होते. १९३० च्या सुमारास नोकरी सोडून चळवळीत आले. साम्राज्याचं सर्वांत खालचं टोक म्हणजे तलाठी. व्हाइसरॉय गावात कधी येत नाही, तलाठी रोज असतो. जमीन कोणाच्या नावावर, सारा किती, पीक काय, हे त्याच्या दप्तरात असतं. इंग्रजी राज्य कशावर उभं आहे हे ज्याने आतून पाहिलं, त्यानेच त्याला पर्याय उभा केला. फेटा आणि खणखणीत भाषणं यांच्या वर्णनात हा मुद्दा नेहमी बाजूला पडतो. नानांचं दप्तर त्यांच्या आवाजाइतकंच महत्त्वाचं होतं.

'कृष्णाकाठ' वाचताना हीच गोष्ट वेगळ्या रीतीने जाणवते. १९८४ साली आलेलं हे आत्मचरित्र १९४६ पर्यंत येऊन थांबतं. बेचाळीसमध्ये साताऱ्यात तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले, त्या आखणीत यशवंतराव होते. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर झेंडा लागला. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊजण गेले. मोर्चा कचेरीवर न्यायचा, हे लक्ष्य निवडण्यात एक समज आहे. राज्य कचेरीत असतं.

यशवंतरावांचं गद्य सावकाश चालतं. कोणाला भेटलो, काय ठरलं, कोणाचं मत वेगळं होतं. तिशीच्या आतला वाचक म्हणून मला सुरुवातीला ते सपक वाटलं. मग लक्षात आलं की हा माणूस बैठकीचं वर्णन मोर्चाइतक्याच आस्थेने करतो. मतभेद असलेल्या माणसाला तो खलनायक करत नाही, कारण उद्या त्याच्याबरोबर काम करायचं आहे हे त्याला माहीत आहे. प्रतिसरकारच्या ऐन भरातला काही काळ यशवंतराव तुरुंगात होते, त्यामुळे त्या कारभाराचं आतलं चित्र या पुस्तकात मागू नये. पण पुढे ज्यांना राज्य चालवायचं आहे त्यांची भाषा कशी घडते, हे त्यात दिसतं. आणि एक अवघड प्रश्नही उरतो. चव्हाण महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाकडून खासदार झाले, पण सत्तेच्या बाहेरच राहिले. ज्याने सरकार उभं करून दाखवलं त्याच्या हाती सरकार आलं नाही. न्यायदान मंडळं गेली, तालुक्याची कोर्टं राहिली. आजही तारखा पडतात.

अमेरिकेची विसरलेली तेरा वर्षं

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी ४ जुलै १७७६ रोजी इंग्लंडच्या राजाशी नातं तोडल्याचं जाहीर केलं. ही तारीख जगाला पाठ आहे. पण त्यांचं आजचं राज्य सुरू झालं १७८९ मध्ये. मधल्या तेरा वर्षांत त्यांनी आधी एक सैल करार करून पाहिला. तो १७८१ मध्ये लागू झाला. त्यात मध्यवर्ती सरकारला कर लावायचाच अधिकार नव्हता. राजाच्या करांना कंटाळून लढलेल्यांनी स्वतःच्या सरकारलाही तो दिला नाही. परिणाम असा की युद्धाचं कर्ज फिटेना. मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाने आणि करांनी पिचलेले शेतकरी, त्यातले कित्येक त्याच युद्धात लढलेले, १७८६ मध्ये कोर्टं बंद पाडायला निघाले. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात बसून नवी राज्यघटना लिहावी लागली. आणि सर्व माणसं समान असल्याचं जाहीर करून झालेल्या त्या देशाने गुलामगिरी त्या घटनेतही शिल्लक ठेवली.

तिकडेही शाळकरी गोष्ट १७७६ वर अडकते. पण एक कलाकृती त्यातून सुटली. लिन-मॅन्युएल मिरांडा यांचं 'हॅमिल्टन' हे २०१५ चं संगीत नाटक. त्यातला नायक अर्थमंत्री आहे आणि राज्यांचं कर्ज केंद्राने घ्यावं की नाही, या विषयावरची मंत्रिमंडळाची चर्चा त्यात रॅपच्या जुगलबंदीसारखी होते. कर्जावर! आणि प्रेक्षक जीव मुठीत धरून ऐकतात. कारभार रुक्ष असतो म्हणून त्यावर लिहिता येत नाही, ही सबब त्या नाटकाने काढून घेतली. शाहिरीची परंपरा असलेल्या मराठीत हे जमायला हवं. प्रतिसरकारकडे स्वतःचे शाहीर होते. न्यायदान मंडळाच्या एका खटल्यावर सवाल-जवाब का होऊ नये?

देवघरातली राज्यघटना

आता माझ्या सगळ्यात जवळच्या पुस्तकाकडे येते. १९४२ च्या ऑगस्टमध्येच तुकडोजी महाराजांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ते होते. तेरा वर्षांनी, १९५५ मध्ये, त्यांची 'ग्रामगीता' आली. चिमूरने विचारायचा राहिलेला प्रश्न त्यांनी ४१ अध्यायांत विचारला: इंग्रज गेले, आता गाव कसं चालवायचं?

आमच्या घरी ग्रामगीता देवघराशेजारी असते. आमच्याकडे अनेक घरांत असते. तिला हळदकुंकू लागतं, पारायण होतं. पण अध्यायांची नावं नीट वाचा. ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण, ग्रामआरोग्य, श्रमसंपत्ती, महिलोन्नती. त्यात मतदानावर ओव्या आहेत, लग्नाच्या खर्चावर आहेत, अंत्यसंस्कारावर आहेत, दैववादाला झोडपणाऱ्या आहेत. ज्ञानेश्वरांपासून चालत आलेला छंद घेऊन हा माणूस गटार आणि संडास यांच्याबद्दल बोलतो. मराठीत कारभारावर लिहिलेलं इतकं मोठं काव्य मी दुसरं वाचलेलं नाही. ओवी निवडणं ही हुशारी होती. ज्या बाईला वाचता येत नव्हतं तिला ओवी ऐकून पाठ होत होती. शासकीय परिपत्रक कोणाच्या पाठ होतं?

आणि तरी माझी तक्रार आहे. ग्रामगीतेतलं गाव हे एक कुटुंब आहे. कुटुंब म्हटलं की वाद समजुतीने मिटतात असं धरून चाललेलं असतं. सगळे चांगले झाले तर गाव चांगलं होईल, हे खरंच. पण सरकार लागतं ते सगळे चांगले नसतात म्हणून. ज्याला कुटुंबप्रमुखाचं म्हणणं मान्य नाही, त्याने कुठे जायचं? ग्रामगीता दलितसेवेचा अध्याय लिहिते, तळमळीने लिहिते. पण सेवा करणारा आणि सेवा घेणारा, अशी विभागणी त्या शब्दातच आहे. हक्क मागणारा त्यात उभा राहत नाही.

हा आक्षेप माझा एकटीचा नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी गावाचं गौरवगान करणाऱ्यांना कठोर शब्दांत सुनावलं होतं. गाव म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. म्हणून त्यांनी नव्या राज्याचा घटक गाव न मानता व्यक्ती मानली. ग्रामगीता आली १९५५ मध्ये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धर्म स्वीकारला. 'दुसऱ्या दिवशी काय?' या प्रश्नाची दोन उत्तरं एका वर्षाच्या आत, एकाच प्रदेशात दिली गेली. एक म्हणालं, गाव सुधारा. दुसरं म्हणालं, आधी माणसाला गावाच्या जाचातून बाहेर पडण्याचा हक्क द्या. नंदनवनात या दोन्ही वाटांनी आलेली घरं शेजारी शेजारी आहेत. एकाकडे ग्रामगीता, दुसऱ्याकडे संविधान. दोघांनी एकमेकांची पुस्तकं वाचावीत असं मला मनापासून वाटतं. ग्रामगीता वाचणाऱ्याला संविधान शिकवेल की प्रेम आटलं तरी हक्क उरला पाहिजे. संविधान वाचणाऱ्याला ग्रामगीता शिकवेल की हक्क कागदावर मिळाला तरी गटार कोणालातरी साफ ठेवावंच लागतं, आणि ते पिढ्यानपिढ्या एकाच जातीने ठेवायचं नसेल तर सगळ्यांनी हातात खराटा घ्यावा लागतो.

बैठकीची कादंबरी व्हावी तशी

चौथं पुस्तक 'गोष्ट मेंढा गावाची'. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे छोटंसं गोंड गाव. याला साम्राज्यापासून तुटण्याची गोष्ट का म्हणायची? कारण जंगलाच्या बाबतीत इंग्रजी राज्य १९४७ ला संपलंच नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ चा आहे आणि बांबू कोणाचा हे तोच ठरवत होता. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर, २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागायचा आणि तो वनखात्याच्या हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी तो परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. म्हणजे झेंडा लागल्यापासून परवान्याची वही हाती येईपर्यंत ६४ वर्षं गेली.

बोकील कादंबरीकार आहेत आणि इथे त्यांनी फार संयमाने लिहिलं आहे. पुस्तकात नाट्यमय प्रसंग मोजकेच आहेत. आहे ते काय? ग्रामसभा. बहुमताने न ठरवता सर्वांच्या संमतीने ठरवायचं, आणि एकाचाही विरोध असला तर थांबायचं. अभ्यासगट, जिथे निर्णय न घेता फक्त समजून घ्यायचं. पैसे आले तर ते कोणी मोजायचे. यातला एकेक नियम कशा भांडणातून आला ते वाचताना मला साताऱ्याचं न सांगितलेलं प्रकरण वाचल्यासारखं वाटलं. आणि ग्रामगीतेवरचा माझा आक्षेपही इथे थोडा सैल झाला. एकाचा नकार पुरेसा मानणारं गाव हे कुटुंबासारखं असूनही नकाराला जागा ठेवतं. अर्थात इथेही शंका आहेच. लहान, एकाच समाजाच्या गावात संमती जमते. अनेक जातींच्या, हजारो वस्तीच्या गावात एकाचा नकार म्हणजे बड्या जमीनदाराचाही नकार. तो सगळं रोखून धरू शकतो. बोकीलांचं पुस्तक मेंढ्याच्या गोष्टीत रमतं, हा प्रश्न थोडा दूर ठेवतं.

तरी या चारांमध्ये मी तुम्हाला पहिलं हेच वाचायला सांगेन. मग 'द लास्ट हीरोज', मग 'कृष्णाकाठ', आणि शेवटी ग्रामगीता, पारायण म्हणून न वाचता कारभाराचं पुस्तक म्हणून.

आमच्याकडे येताना जगनाडे चौक लागतो. संताजी जगनाडे म्हणजे तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे. गाथा टिकली त्यात त्यांच्या लेखणीचा वाटा मोठा मानला जातो. लिहून ठेवणाऱ्याच्या नावाचा चौक असणं ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. पण चळवळींच्या बाबतीत आपण तसं केलेलं नाही. आपण हुतात्म्यांचे स्तंभ उभारले, आणि ते उभारायलाच हवे होते. ज्यांनी वही सांभाळली, तंटा ऐकला, धान्य मोजलं, त्यांच्यातले शेवटचे लोक आता जवळजवळ गेले. हौसाबाई २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये. त्यांची मुलं-नातवंडं मात्र आहेत. कुंडल, वाळवा, चिमूर, आष्टी या भागांत तुमचं घर असेल तर आजोबांनी कोणती गाडी अडवली हे विचारून झालं असेलच. आता आजीने कोणाचा तंटा मिटवला ते विचारा, आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.